आधी दफ्तर, मग दगड: गावातल्या सैनिकांच्या आठवणी नोंदवायच्या कशा

निफाड घ्या, सिन्नर घ्या, चांदवड घ्या, क्रम ठरलेला. 15 ऑगस्ट जवळ आला की ग्रामपंचायतीत विषय निघतो: गावातल्या जवानांचं स्मारक झालं पाहिजे. वर्गणी जमते, काळा ग्रॅनाइट ठरतो, पाहुणे ठरतात. नावं मात्र शेवटच्या आठवड्यात चावडीवर बसून वहीच्या पानावर उतरवली जातात. मग कुणाचं आडनाव चुकतं, कुणाची पलटण चुकते, दोन चुलतभाऊ मिळून एकच माणूस होतो, आणि पहिल्या महायुद्धात बसऱ्याला जाऊन आलेला पणजोबा कुणालाच आठवत नाही. दगडावरची चूक खोडता येत नाही.

म्हणून हा लेख दगडाबद्दल कमी आणि दफ्तराबद्दल जास्त आहे. मध्यम आकाराच्या गावाला सगळं मिळून सहा-आठ महिने लागतील असं धरा. घाई असेल तर स्मारक पुढच्या वर्षी करा. मुलाखती मात्र लांबवू नका, कारण 1971 च्या लढाईत पंचविशीत असलेला माणूस आज ऐंशीला टेकलाय.

## टप्पा 1: कोणाची नोंद घ्यायची ते आधी लिहून काढा

बहुतेक गावांची चूक इथेच होते. यादी म्हणजे फक्त वीरगती मिळालेले, असं गृहीत धरलं जातं. मग गावातून साठ जण सैन्यात गेले असले तरी दगडावर दोनच नावं येतात.

आमच्या नाशिक जिल्ह्यात हा प्रश्न जास्त गुंतागुंतीचा आहे. देवळालीला छावणी ब्रिटिश काळापासून, नाशिक रोडला तोफखान्याचं केंद्र, ओझरला विमानांचा कारखाना. त्यामुळे युद्धाशी संबंध आलेला प्रत्येक माणूस बंदूक घेऊन सीमेवर गेलेला नसतो. खेचरं हाकणारे, स्वयंपाकी, धोबी, पाणके, मजूर म्हणून पहिल्या महायुद्धात समुद्रापलीकडे गेलेली माणसंही आहेत, आणि लष्कराच्या दप्तरात त्यांची वेगळी वर्गवारी आहे. छावणीला भाजी-दूध पुरवणारी घरं आहेत. नवरा सीमेवर असताना एकटीने शेती पाहिलेल्या बायका आहेत. माझं मत विचाराल तर या सगळ्यांना नोंदीत जागा हवी. दगडावर कोण, हे शेवटी ठरवा.

निदान चार याद्या वेगळ्या ठेवा:

1. युद्धात किंवा सेवेत मृत्यू आलेले
2. लढाईत भाग घेऊन परत आलेले
3. सैन्यासोबत गेलेले बिनलढाऊ
4. गावातच राहून युद्धकाळ पाहिलेले

आझाद हिंद सेनेत गेलेल्यांची नोंद ठळक पण स्वतंत्र करा. त्यातले बरेच जण आधी ब्रिटिश भारतीय सैन्यात होते आणि 15 फेब्रुवारी 1942 ला सिंगापूर पडल्यावर कैदी झाले होते. त्यामुळे एकाच माणसाची दोन दप्तरं असू शकतात.

सावध: स्वातंत्र्यलढ्यातले हुतात्मे आणि युद्धातले सैनिक यांची यादी एकत्र करू नका. दोघांचा मान मोठाच, पण कागदपत्रं वेगळ्या ठिकाणी असतात. एकदा सरमिसळ झाली की पुढे पडताळणी अशक्य होते.

## टप्पा 2: माणसं, ठराव आणि सामान

पाच जण पुरे. त्यात एक माजी सैनिक हवाच. हुद्दे, पलटणी आणि डिस्चार्ज बुकातली (सेवा संपल्यावर सैनिकाला मिळणाऱ्या पुस्तकातली) लघुरूपं त्याच्याशिवाय लागणार नाहीत. एक शिक्षक, एक फोन नीट वापरणारा मुलगा किंवा मुलगी, एक जुन्या नात्यागोत्याची माहिती असलेली व्यक्ती. आणि एक बाई, ही अट समजा. वीरपत्नी आणि वीरमाता चार पुरुषांसमोर "हो, ठीक होतं सगळं" एवढंच बोलतात. शेजारी दुसरी बाई बसली की बोलणं पुढे सरकतं.

ग्रामसभेत ठराव घ्या. ठरावात कामाचं नाव, समितीची नावं आणि जमा झालेलं साहित्य कुणाच्या ताब्यात राहील एवढं स्पष्ट असू द्या. शाळा, तहसील आणि सैन्याच्या कार्यालयात पत्र देताना ठरावाची प्रत जोडली की काम सोपं होतं.

सामान: जाड पुठ्ठ्याचं रजिस्टर, पेन्सिली, कॉलरला लावायचा माइक, पॉवर बँक, साधा फ्लॅटबेड स्कॅनर, सुती हातमोजे, पांढरे कागदी लिफाफे. ड्रोन आणू नका. देवळाली, नाशिक रोड कॅम्प, ओझर या पट्ट्यात तो उडवणं म्हणजे पोलीस ठाण्याची वारी.

## टप्पा 3: कच्ची यादी

घरोघर जाण्याआधी कागदावरून यादी बनवा. उलट केलं तर ज्या घराशी आपली उठबस आहे त्यांचीच नावं येतात, आणि वाडी-वस्तीवरची घरं राहून जातात.

कुठे शोधायचं:

जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय. माजी सैनिक आणि सैनिक विधवांची नोंद इथे असते. मात्र ज्यांनी ओळखपत्र कधी काढलंच नाही ते इथे सापडणार नाहीत.

शाळेचं जनरल रजिस्टर. पूर्ण नाव, वडिलांचं नाव आणि जन्मतारीख मिळते. भरतीच्या वेळी तारीख वेगळी सांगितलेली असू शकते. दोन्ही तारखा लिहा, "बरोबर" कुठली ते ठरवायला बसू नका.

गाव नमुना 14, म्हणजे कोतवाल बुक. जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदी. बऱ्याचशा मोडी लिपीत असतात, वाचणारा आधी गाठा.

फेरफार नोंदी. सैनिक म्हणून जमीन मिळाली असेल किंवा मृत्यूनंतर वारस लागले असतील तर तारीख आणि नाती दोन्ही इथे पक्की होतात.

तीर्थपुरोहितांच्या नामावळ्या. नाशिककरांच्या हाताशी असलेला आणि तरीही विसरला जाणारा साठा. त्र्यंबकेश्वर आणि पंचवटीतल्या उपाध्यायांकडे घराण्यांच्या वंशावळी पिढ्यान्‌पिढ्या लिहिलेल्या आहेत. अस्थी घेऊन आलेल्या भावाने किंवा श्राद्धाला आलेल्या मुलाने स्वतःच्या हाताने लिहिलेली नावं तिथे असतात. तुमच्या गावाचे उपाध्याय कोण ते विचारा, घरातल्या माणसाला सोबत न्या, योग्य ती दक्षिणा द्या आणि त्यांच्या परवानगीशिवाय वहीचा फोटो काढू नका.

जुनी वर्तमानपत्रं. 'गावकरी'च्या 1965 आणि 1971 च्या अंकांत जिल्ह्यातल्या जवानांच्या बातम्या शोधा. नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयात आधी चौकशी करून जा.

रजिस्टरमध्ये प्रत्येक नावाला एक पूर्ण पान द्या. वर मोठ्या अक्षरात नाव, खाली रकाने: आर्मी नंबर, हुद्दा, पलटण, कुठे होते, केव्हा होते, आता वारस कोण. आणि सर्वांत महत्त्वाचा शेवटचा रकाना: हे कुणी सांगितलं किंवा कुठे पाहिलं. हा रकाना रिकामा असेल तर ती माहिती आलीच नाही असं समजा.

तपासा: गावाचा तालुका नोंदीच्या काळात कुठला होता? देवळा आणि त्र्यंबकेश्वर हे तालुके अलीकडचे. तिथली गावं जुन्या कागदांत कळवण, बागलाण, नाशिक अशा दुसऱ्याच तालुक्याखाली दिसतील. इंग्रजी नोंदीत जिल्ह्याचं जुनं स्पेलिंगही वेगळं, 'नासिक' या उच्चाराचं. शोधताना दोन्ही टाकून पाहा.

## टप्पा 4: घरातले कागद, फोटो आणि मेडलं

आता घरोघर जा. पहिल्या भेटीत काही नेऊ नका, फक्त बघा आणि पुढची वेळ ठरवा. "दाखवायला म्हणून नेलं, परत आलंच नाही" हा अनुभव प्रत्येक दुसऱ्या घरात आहे. पाहुणे येतात, फोटो नेतात, स्मरणिका निघते, फोटो गायब. म्हणून नियम एकच: वस्तू घरातच राहील, स्कॅनर घरी येईल.

### मेडल वाचायचं कसं

नवखे लोक मेडलाचा पुढून-मागून फोटो काढतात आणि निघतात. खरी माहिती कडेला असते. मेडल हातमोज्यात उभं धरा, खिडकीजवळ जा आणि उजेड तिरपा पडेल असं हळूहळू फिरवा. समोरून उजेड मारला तर अक्षरं बुजतात, तिरप्या उजेडात उठून दिसतात. कडेवर रोमन अक्षरांत आधी नंबर, मग हुद्दा, मग नाव, मग पलटण. हुद्द्याची लघुरूपं ओळखा: 'एसइपी' म्हणजे शिपाई, 'जीएनआर' म्हणजे गनर (तोफखान्यातला जवान), 'एसपीआर' म्हणजे सॅपर (इंजिनियर दलातला जवान), 'डीव्हीआर' म्हणजे ड्रायव्हर. मोटारीचाच असं नाही, जुन्या काळी खेचरांचाही. दिसेल तसं एकेक अक्षर उतरवा. चुकीचं स्पेलिंग सुधारून लिहू नका, कारण सैन्याच्या नोंदीत ते त्याच चुकीने सापडणार आहे.

ओळखीच्या खुणा:

- घोडेस्वाराचं रुपेरी मेडल आणि इंद्रधनुषी फितीचं मेडल: पहिलं महायुद्ध. पहिलं कधी ब्राँझचं असलं तर माणूस बहुधा बिनलढाऊ तुकडीत होता. दोन्हींच्या कडेवर नाव असतं.
- 1914-15 चा स्टार: नाव कडेला नाही, पाठीवर.
- सहा टोकांचे स्टार, बर्मा, आफ्रिका, इटली वगैरे: दुसरं महायुद्ध. यांवर नाव असेलच असं नाही. नाव नसलं म्हणून मेडल खोटं ठरत नाही.
- समर सेवा स्टार आणि रक्षा मेडल: 1965. पूर्वी स्टार, पश्चिमी स्टार आणि संग्राम मेडल: 1971. पूर्वी की पश्चिमी यावरून माणूस कुठल्या आघाडीला होता ते कळतं.
- 1972 चं स्वातंत्र्याच्या 25 व्या वर्षाचं मेडल त्या वेळी सेवेत असलेल्या सगळ्यांना मिळालं. त्यावरून लढाई ठरवू नका. ही चूक फार होते.

सावध: मेडलाला पितांबरी, चिंच, राख, पॉलिश काही लावायचं नाही. "पाहुणे येणार म्हणून चकचकीत केलं" अशा मेडलांच्या कडा घासून सपाट झालेल्या असतात. फीत धुवायची नाही. विरली असली तरी बदलायची नाही.

### कागद आणि फोटो

डिस्चार्ज बुक मिळालं तर अर्धं काम झालं. सगळी पानं स्कॅन करा, कोरी सुद्धा. कोऱ्या वाटणाऱ्या पानावर शिक्के असतात. साधे कागद 300 डीपीआय, फोटो 600, पासपोर्टएवढे फोटो 1200. मूळ फाइल टिफ किंवा पीएनजी ठेवा. व्हॉट्सॲपवर पाठवलेला फोटो म्हणजे मूळ नव्हे, तो दाबून लहान झालेला असतो.

भिंतीवरच्या फ्रेममधला फोटो काचेला चिकटला असेल तर ओढू नका. इमल्शन, म्हणजे फोटोवरचा चित्राचा थर, काचेवर राहतं आणि चेहरा जातो. तसाच काचेसकट, थोडा तिरपा कोन घेऊन, बल्ब बंद करून फोटो काढा. चिकटलेला नसेल तर मागचा पुठ्ठा हळूच उघडून पाहा. स्टुडिओचा शिक्का आणि गावाचं नाव मागेच असतं, आणि एखादा फोटो झाशीत काढला की पुण्यात यावरून पलटणीचा माग लागतो.

लॅमिनेशन, सेलोटेप, स्टेपल, रबर बँड, फेव्हिकॉल: पाचही बंद. लॅमिनेशनची हौस आपल्याकडे भयंकर आहे. जुना कागद त्यात गुदमरतो आणि नंतर सोडवता येत नाही.

सावध, आणि हे गांभीर्याने: घरात जुनी काडतुसं, संगीन, तोफगोळ्याचा तुकडा निघाला तर हात लावू नका, हलवू नका, फोटोसाठी पोज देऊ नका. फायरिंग रेंजच्या जवळच्या गावांत भंगार म्हणून उचललेल्या वस्तूंबाबत तर अजिबात धाडस नको. 112 ला फोन करा. तलवार-बंदुकीला शस्त्र कायदा लागू होतो. ती गावाच्या प्रदर्शनात मांडण्याचा विचारही परवान्याचं पाहिल्याशिवाय नको.

## टप्पा 5: मुलाखत

इथे वेळ द्या. बाकी सगळं नंतरही मिळू शकतं.

जागा आणि आवाज. पंखा बंद, फोन फ्लाइट मोडवर, कुकर उतरल्यावर सुरुवात. देवळाशेजारचं घर असेल तर आरतीची वेळ टाळा. सुरुवातीला स्वतःच्या आवाजात तारीख, गाव, बोलणाऱ्याचं नाव आणि हजर असलेल्यांची नावं सांगा. तासाभराच्या वर ताणू नका. म्हातारं माणूस थकतं आणि मग "हो हो" म्हणत राहतं.

साल विचारू नका. "कोणत्या साली?" या प्रश्नाला अंदाजाचं उत्तर मिळतं, आणि लिहिलं गेलं की तेच खरं होऊन बसतं. त्याऐवजी गावाच्या घड्याळाने विचारा. शेतात काय चालू होतं? रब्बीच्या गव्हाला पाणी देत होतो म्हणाले तर 1971, ती लढाई 3 ते 16 डिसेंबरची. पोळा-गणपतीचे दिवस म्हणाले तर 1965, ऑगस्ट-सप्टेंबर. दिवाळीच्या आसपास म्हणाले तर 1962. पेरणीच्या आधीपासून पाऊस लागेपर्यंत म्हणाले तर कारगिल, 1999. शिवाय जिल्ह्याच्या खुणा आहेतच: यशवंतराव चव्हाण नाशिकमधून लोकसभेवर बिनविरोध गेले ते 1963, कोयनेचा भूकंप डिसेंबर 1967, गोदेचा मोठा पूर 1969, दुष्काळ 1972, सिंहस्थ 1968 आणि 1980. "सिंहस्थाच्या आधी की नंतर?" असं विचारलं की उत्तर लगेच येतं.

प्रश्न बारीक ठेवा. "युद्धाचा अनुभव सांगा" म्हटलं की भाषण सुरू होतं, तेही टीव्हीवर ऐकलेलं. असे विचारून पाहा:

- आबा, भरतीला कुठं गेला होता? सोबत गावचं कोण होतं? कोण नापास झालं?
- पहिला पगार घरी कसा आला? मनिऑर्डर कुणाच्या हातात पडली?
- पलटणीत जेवायला काय? पोळी-भाताची सवय कधी लागली?
- काकू, पत्र कोण वाचून दाखवायचं? काय वाचायचं नाही असं तुम्ही सांगून ठेवलं होतं का?
- तार आली तेव्हा पोस्टमन आधी कुणाकडं गेला?
- ब्लॅकआउट आठवतो का? काचेला काय लावलं होतं?
- परत आल्यावर ते कशाबद्दल कधीच बोलले नाहीत?

शेवटचा प्रश्न शेवटीच. आणि तो विचारून गप्प बसा. शांतता पडली की आपल्याला अवघडल्यासारखं होतं आणि आपण पुढचा प्रश्न टाकतो. टाकू नका.

बोली जशीच्या तशी. मालेगाव, सटाणा, कळवण पट्ट्यात आजी अहिराणीत बोलणार, सुरगाणा-पेठेकडे कोकणा आदिवासींची बोली. त्यांना प्रमाण भाषेत बोलायला लावलं की आठवण आखडते. लिहून काढतानाही बोली तशीच ठेवा, खाली हवं तर अर्थ द्या.

मृत्यूबद्दल बोलताना घाई नको. आईला मुलाच्या शेवटच्या दिवसाचं वर्णन करायला लावणं म्हणजे दस्तावेजीकरण नव्हे, छळ आहे. ती स्वतः बोलली तर ऐका. रडू आलं तर रेकॉर्डिंग थांबवू का, ते विचारा.

तपासा: उठण्याआधी संमतीपत्रावर सही किंवा अंगठा घेतला का? तीन वेगळे पर्याय ठेवा: फक्त गावच्या दफ्तरात, शाळा-प्रदर्शनात, इंटरनेटवर. पहिल्याला होकार म्हणजे तिसऱ्याला होकार नव्हे.

## टप्पा 6: पडताळणी

घरची आठवण आणि सरकारी कागद जुळले नाहीत तर कुणालाही खोटं ठरवू नका. दोन्ही लिहा. पण दगडावर जाणारं नाव, हुद्दा, पलटण आणि तारीख निदान एका कागदाने पक्की झालीच पाहिजे.

1947 नंतरचे. रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसला पत्र लिहा. तोफखान्याचं नाशिक रोड कॅम्पलाच आहे. मराठा लाइट इन्फंट्रीचं बेळगावला, महार रेजिमेंटचं सागरला, बॉम्बे सॅपर्सचं खडकीला, सिग्नल्सचं जबलपूरला. पत्र समितीच्या नव्हे, वारसाच्या सहीने जाऊ द्या. आर्मी नंबर टाका, नात्याचा पुरावा जोडा. नंबरशिवाय पाठवलेलं पत्र बहुधा तसंच परत येतं. वीरगती मिळालेल्यांसाठी दिल्लीच्या राष्ट्रीय समर स्मारकाच्या संकेतस्थळावर नाव शोधा. फेब्रुवारी 2019 मध्ये खुल्या झालेल्या या स्मारकावर स्वातंत्र्योत्तर काळातली 25,000 हून अधिक नावं आहेत.

महायुद्धांतले. महायुद्धांत मृत्यू आलेल्या सैनिकांची नोंद ठेवणाऱ्या राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या (सीडब्ल्यूजीसी) संकेतस्थळावरचा शोध फुकट आहे. नावाने शोधू नका, निदान आधी नको. 'अधिक माहिती'च्या रकान्यात जिल्ह्याचं जुनं स्पेलिंग टाका, मग तालुका, मग गाव. वडिलांचं नाव आणि गाव तिथे दिलेलं असतं. आडनावांचे अवतार डोक्यात ठेवा: जाधवचं जादव, जाधो, पवारचं पोवार, भोसलेचं भोन्सले. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, मृत्यू आलेल्यांची नोंद बहुधा बसरा स्मारकाखाली मिळते. त्या भिंतीवर साध्या भारतीय शिपायांची नावं कोरलेलीच नव्हती, पलटणीपुढे नुसता आकडा होता. नाव नोंदीत असतं, तेव्हा स्मारकाच्या फोटोत नाव दिसत नाही म्हणून हताश होऊ नका. देशात मृत्यू आलेल्यांसाठी पुण्याजवळचं खडकीचं युद्धस्मारक पाहा.

शिपायाची वेगळी सेवाफाइल 1947 पूर्वीची मिळेल ही आशा फार ठेवू नका.

पलटणीची नावं बदलतात. इथे हमखास गोंधळ होतो. 110 मराठा लाइट इन्फंट्री 1922 च्या फेररचनेत पाचव्या मराठाची तिसरी बटालियन झाली आणि 1952 मध्ये दुसरी पॅरा, म्हणजे पॅराशूट रेजिमेंटची दुसरी बटालियन. म्हणजे आजोबा, मुलगा आणि नातू एकाच पलटणीत असूनही तिघांच्या कागदांवर तीन नावं. बोलण्यात "जंगी पलटण" आलं तर ती पहिली मराठा, "काळी पाचवी" आलं तर दुसरी मराठा. पहिल्या महायुद्धात आजोबा महार पलटणीत होते असं कुणी सांगितलं आणि तुम्हाला महार रेजिमेंट 1941 ची एवढंच माहीत असलं, तर त्यांना खोडून काढू नका. 111 महार ही पलटण 1917 ते 1921 होती.

नोंद पूर्ण कशी दिसते ते सांगतो. व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे ब्रिटिश काळातलं शौर्याचं सर्वोच्च पदक, मिळालेले नामदेव जाधव आपल्या शेजारच्या संगमनेर तालुक्यातल्या निमजचे. पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली बटालियन, 9 एप्रिल 1945, इटलीतली सेनिओ नदी. गाव, पलटण, तारीख, जागा. गावातल्या प्रत्येक नावाची नोंद एवढी भरली पाहिजे. नाही भरली तर रकाना उघडा ठेवा, अंदाजाने भरू नका.

सावध: राजस्थानातलं देवळी आणि आपलं देवळाली इंग्रजी कागदात सहज एकमेकांत मिसळतात. दुसऱ्या महायुद्धातली मोठी बंदी छावणी आणि 1962 मध्ये चिनी वंशाच्या लोकांना ठेवलेली छावणी राजस्थानातल्या देवळीची. इंटरनेटवरून उचललेली माहिती आपल्या देवळालीला चिकटवण्याआधी स्पेलिंग पुन्हा बघा.

वीरगती, जखमी, सेवेत असताना अपघाती किंवा आजाराने मृत्यू, बेपत्ता: सैन्य या नोंदी वेगवेगळ्या करतं. कागदावर जी वर्गवारी आहे तीच दफ्तरात लिहा. घरच्यांच्या भावनेला त्यामुळे धक्का लागेल असं वाटत असेल तर आधी त्यांच्याशी बोला, चव्हाट्यावर वाचून दाखवू नका.

## टप्पा 7: जपणूक

प्रत्येक फाइलला नाव द्या: गाव, आडनाव, पहिलं नाव, वस्तू, क्रमांक. "आयएमजी" आणि पुढे आकडे असलेल्या चारशे फाइली म्हणजे दफ्तर नव्हे, अडगळ. तीन प्रती ठेवा: एक शाळेत हार्डडिस्कवर, एक समितीतल्या कुणाकडे, एक क्लाउडवर. क्लाउडचा पासवर्ड एकट्या उत्साही पोराच्या डोक्यात ठेवू नका. तो नोकरीला पुण्याला गेला की दफ्तर त्याच्याबरोबर गेलं.

रजिस्टरची झेरॉक्स बांधून शाळेत आणि वाचनालयात ठेवा. मूळ वस्तू घरी ठेवणाऱ्यांना एवढं सांगा: कागद सुटे करून पांढऱ्या लिफाफ्यात, मेडलं एकमेकांना न घासता वेगवेगळ्या सुती कापडात, सगळं पत्र्याच्या पेटीऐवजी कपाटाच्या मधल्या कप्प्यात. इगतपुरी, पेठ, सुरगाण्याच्या पावसात बाहेरच्या भिंतीला लागून काही ठेवू नका. डांबरगोळ्या नकोत. वर्षातून एकदा, दिवाळीच्या आवराआवरीत, उघडून पाहा.

## टप्पा 8: काय उघड करायचं नाही

थोडक्यात. आधार, बँक खातं, पेन्शनचा क्रमांक, पत्ता, फोन: प्रदर्शनातल्या आणि नेटवरच्या प्रतीत काळं करा. सध्या सेवेत असलेल्यांची पोस्टिंग आणि युनिट बाहेर लिहायचं नाही. छावणीच्या हद्दीत परवानगीशिवाय फोटो नाही. घरातली भांडणं, दुसरं लग्न, पेन्शनवरून झालेले दावे मुलाखतीत निघतात. ते बंद पाकिटात जाऊ द्या.

## टप्पा 9: आता दगड

इथवर आलात तर दगडावर काय लिहायचं याचा फारसा वाद उरत नाही. उरतो तो क्रमाचा. हुद्द्याने लावलं तर सुभेदार वर आणि मजूर तळाशी. देणगीने लावलं तर गाव कायमचं तुटतं. आडनावाच्या अकारविल्हे लावा, युद्धाप्रमाणे गट पाडा. वर्गणी देणाऱ्यांची आणि उद्घाटकांची नावं याच दगडावर नकोत, बाजूला छोटी पाटी पुरे.

जागा ग्रामपंचायतीची आहे का, हे ग्रामपंचायतीच्या नमुना आठवरून (कर आकारणीच्या नोंदवहीवरून) पाहा आणि ठराव करून घ्या. पुतळा बसवायचा असेल तर शासनाची वेगळी परवानगी लागते, नुसत्या नामफलकापेक्षा ते प्रकरण लांबतं. माझा सल्ला: पुतळा नको. चेहरा जमत नाही, आणि घरच्यांना दर वेळी तिथून जाताना ते खुपतं.

कोरीव कामाआधी मजकूर मूळ आकारात कागदावर छापून ग्रामपंचायतीच्या भिंतीवर पंधरा दिवस लावा. लाल पेन दोरीने बांधून ठेवा. प्रत्येक घराने आपल्या नावापुढे सही करायची. ऱ्हस्व-दीर्घ, आडनाव, वडिलांचं नाव, हुद्दा. कारागिराला वहीचा फोटो नाही, हा सह्या झालेला कागदच द्यायचा, आणि अर्धं कोरून झालं की समितीतल्या दोघांनी जाऊन बोट ठेवून वाचायचं. मधल्या काळात नवीन नाव पुढे आलं तर अनावरणाची तारीख पुढे ढकला. पत्रिका पुन्हा छापायचा खर्च होईल, तो आधीच धरून चाला.

फलकाच्या तळाशी एक ओळ हवी: सविस्तर नोंदी कुठे पाहायला मिळतील. शाळेचं किंवा वाचनालयाचं नाव आणि कपाटाचा क्रमांक. रजिस्टरच्या शेवटी पंचवीस-तीस कोरी पानं सोडा आणि नवीन नाव, दुरुस्ती कुणी, कोणत्या पुराव्याने केली ते तिथे लिहायची पद्धत घालून द्या. मुख्याध्यापक आणि ग्रामसेवक बदलतात तेव्हा चार्ज देण्या-घेण्याच्या यादीत हे रजिस्टर आणि हार्डडिस्क नाव घालून लिहून घ्या.